रिकाम्या हातांचं तिकीट

न्या बाल्बिनाच्या हाताखालून गेल्याशिवाय मातु ग्रांदेचा माणूस अमेरिकेला जात नसे. तसा काही कायदा नव्हता, पण कायद्यापेक्षा तो कडक पाळला जायचा. आमच्याकडे मोठ्या वयाच्या बाईला मानाने न्या म्हणतात, पुरुषाला न्यो. कुणाचं तिकीट निघालं की तो आधी पाद्रींना सांगायचा आणि मग बाल्बिनाकडे यायचा, आणि तो यायच्या आत तिला सगळं कळलेलं असायचं. शेळ्यांचा वास असलेले हात झग्याला पुसत ती दारात उभी राहायची. कुठे चाललास, किती दिवस, कुणाकडे, असलं काही ती विचारायची नाही. "बॅगा किती?" एवढंच विचारायची.

कारण आमच्या ब्रावा बेटावर जेवढी माणसं राहतात त्याहून आमची जास्त माणसं समुद्रापलीकडे राहतात, आणि तिकडे जाणाऱ्याच्या बॅगा त्याच्या एकट्याच्या नसतात. एका आईचा पपईचा मुरंबा, दुसरीच्या वाळवलेल्या तुरी, कुणाच्या बापाने स्वतः गाळलेल्या उसाच्या दारूची बाटली, असं सगळं त्यात जातं. जाणाऱ्याचे कपडे उरलेल्या जागेत बसतात, नाही बसले तर अंगावर चढतात. बाल्बिना स्वतः शेळीच्या दुधाचं चीज करायची आणि ते तर जायचंच. शिवाय दुसऱ्यांच्या पुड्याही तीच बांधून द्यायची, कारण तिने बांधलेली पुडी फुटत नसे. बाई अमेरिकेला कधी गेली नव्हती, पण तिकडे ब्रॉक्टनमध्ये न्यो गुस्तिन्योचा मुलगा चर्चपासून कितव्या घरात राहतो हे त्याच्या बायकोपेक्षा तिला पक्कं ठाऊक होतं.

जीभही तशीच पक्की होती. बऱ्याच वर्षांपूर्वी इवेत नावाच्या तिच्याच वयाच्या बाईने अमेरिकेला जाताना लोकांच्या पुड्या घ्यायचं नाकारलं. लेकीचं बाळंतपण होतं, बॅग एकच होती, जड होत होती, असं ती म्हणाली. रविवारी मिस्सा आटोपल्यावर चर्चच्या अंगणात बाल्बिना सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "बॅग कसली जड, मन हलकं आहे बाईचं." बायका हसल्या. इवेत परत आली तेव्हा तिचं नाव रिकामी इवेत पडलेलं होतं. आजही मातु ग्रांदेत नुसतं इवेत म्हटलं तर लोक विचारतात, कोणती, रिकामी का?

तर अशा या बाल्बिनाला एक बहीण होती, झुल्मिरा. आई गेली तेव्हा झुल्मिरा अंगावर पिणारी होती आणि बाल्बिना स्वतः परकरातली पोर. शेळीचं दूध कापसाच्या बोळ्याने पाजून तिने तिला जगवली. पुढे बाल्बिनाला दोन जणांनी मागणी घातली. दोघांनाही बायको हवी होती, बायकोच्या कडेवरचं पोर नको होतं, म्हणून दोघेही आले तसे गेले. झुल्मिरा वीस-एकवीसची झाली आणि एका बोटीवरच्या खलाशाशी लग्न करून अमेरिकेला गेली. बाल्बिनानेच लावून दिलं ते लग्न. निरोप द्यायला फुर्नाच्या धक्क्यावर गेली, हसतखेळत परत आली, आणि मग आठवडाभर कुणाशी बोलली नाही.

आमच्याकडे थोरल्या बहिणीला माना म्हणतात. दर रविवारी फोन यायचा आणि पलीकडून पहिला शब्द तोच यायचा. झुल्मिरा दोनदा येऊन गेली. एकदा बापाच्या मातीला आणि एकदा सेंट जॉनच्या जत्रेला. मग नवरा गेला, गुडघे गेले, आणि रविवारचा फोन तेवढा राहिला.

त्या वर्षी जत्रा नुकतीच होऊन गेली होती. फोनवर झुल्मिराचा आवाज बसल्यासारखा वाटला.

"घसा धरलाय का गं?"

"थोडा. माना, तू ये ना इकडे."

"मी? आणि शेळ्या काय तू सांभाळणार तिथून?"

"शेळ्या शेजारची टोया बघेल. व्हिसा आहे ना अजून? मागच्या वर्षी निल्डाने एवढी खटपट करून काढला तो?"

"आहे. पेटीत आहे."

"मग ये. काही आणू नकोस. नुसती ये, हात हलवत."

बाल्बिना मोठ्याने हसली. परदेशातलं कोण असं म्हणत नाही? काही आणू नका, सगळं मिळतं इथे, असं सगळेच म्हणतात, आणि बॅग उघडल्यावर चीज हुंगून त्यांचेच डोळे भरून येतात. उलट काही आणू नकोस म्हटलं की जास्त न्यायचं असतं, हे आमच्याकडे पोराटोरांनाही कळतं.

मग फोन निल्डाने, म्हणजे झुल्मिराच्या मुलीने घेतला. "मावशी, आईची तब्येत जरा नरम आहे. जमलं तर लवकर ये. तिकिटाचं मी बघते, तू फक्त स्वस्तातलं शोधायला सांग." निल्डा म्हाताऱ्यांच्या आश्रमात काम करायची, दिवसाची पाळी आणि रात्रीचीही. तिच्या एकटीच्या पगारात काय बसणार हे बाल्बिनाला न सांगता कळत होतं.

न्यो आर्लिंदोचं दुकान बेटाच्या मुख्य गावात, नोव्हा सिन्त्राच्या चौकात आहे. पुढे रंगाचे डबे आणि खिळे, मागे एक संगणक. त्या संगणकावर तो बोटीची नि विमानांची तिकिटं काढून देतो. बाल्बिना आत येताना दिसली तसा तो म्हणाला, "कुणासोबत काय पाठवायचंय, न्या बाल्बिना?"

"मलाच पाठवायचंय."

आर्लिंदोने चष्मा काढून तिच्याकडे पाहिलं आणि खुर्ची दिली. पण ऑगस्ट म्हणजे आमच्याकडे सगळ्यात वाईट महिना. जत्रेला आलेली सगळी अमेरिका परत निघालेली असते आणि विमानवाल्यांना ते माहीत असतं. राजधानी प्रायाहून सरळ बॉस्टनला जाणाऱ्या विमानाचा भाव ऐकून बाल्बिना म्हणाली, "मी एकटी जाणार आहे रे, शेळ्या नाही नेत." आर्लिंदो म्हणाला, उद्या या. ती दुसऱ्या दिवशी गेली. मग रोजच जाऊ लागली. मातु ग्रांदेहून चढ-उतार करत यायची, खिळ्यांच्या पेटीवर बसायची, आणि तो बटणं दाबत असताना शंभर प्रश्न विचारायची. डकारवरून जाता येईल का? अझोरसवरून? मंगळवारी स्वस्त असतं म्हणतात, खरं का? सकाळचं विमान महाग असतं का, कारण त्यात नाश्ता देतात? आर्लिंदो बिचारा सगळ्याला उत्तर द्यायचा.

आणि एका सकाळी तो दुकानाबाहेर येऊन तिची वाट बघत उभा होता.

"सापडलं. लिस्बनवरून. तिथे विमानतळावर एक रात्र बसून काढावी लागेल, पण निम्म्या भावात आहे. पुढच्या आठवड्यात निघायचं, एकच जागा आहे. उद्यापर्यंत धरून ठेवतो."

"धर, धर," बाल्बिना म्हणाली. ती खिळ्यांच्या पेटीवर बसली आणि रडली. आर्लिंदो रंगाचे डबे उगाच इकडचे तिकडे करत राहिला. मग त्याने सांगायचं ते सांगितलं, "एक आहे. या तिकिटात बॅग नाही. हातातली छोटी पिशवी तेवढी."

ते तिने ऐकलं, पण कानात शिरलं नाही. झुल्मिरा दिसणार या आनंदात ती घरी आली, आणि घरी बघते तर ओट्यावर माणसं.

बातमी तिच्या आधी डोंगर चढून आली होती. न्यो गुस्तिन्यो बाटली घेऊन बसला होता. शेजारची टोया तुरीचं गाठोडं मांडीवर धरून होती. तिच्या मुलाला जाऊन इतकी वर्षं झाली होती की त्याचा आवाज फोनवर तिला अनोळखी वाटायचा. "त्याला लहानपणी हीच तूर लागायची," ती म्हणाली. "बाल्बिना, तू नेशील तेव्हा आपल्या हाताने दे. म्हणजे मी दिल्यासारखं होईल." संध्याकाळपर्यंत लोक येतच राहिले. कुणी नुसतं पुडकं ठेवून गेलं, नावही सांगितलं नाही. हिला माहीतच असणार, असं धरून चालले सगळे, आणि तिला माहीतच होतं.

बॅग नाही, हे ती कुणाला सांगू शकली नाही. चारचौघांत तोंड उघडायची, आणि तोंडातून यायचं, "ठेव तिकडे, कोरड्या जागी ठेव."

सगळे गेल्यावर इवेत आली. तिच्या हातात काही नव्हतं. कित्येक वर्षांत ती त्या घरात आली नव्हती. दारातूनच म्हणाली, "आर्लिंदोच्या बायकोने सांगितलं मला. बॅग नाही म्हणे त्या तिकिटात."

"पैसे भरले की मिळते."

"आहेत का?"

बॅगेचा भाव बाल्बिनाने विचारला नव्हता, पण अंदाज होता. निल्डाकडे आणखी मागायचे म्हणजे त्या पोरीच्या उरलेल्या झोपेतून मागायचे.

"अशीच जा," इवेत म्हणाली. "रिकामी जा. लोक वर्षभर बोलतील, मग विसरतील."

"तुझं विसरले का?"

"तू विसरू दिलं नाहीस," इवेत म्हणाली. रागाने नाही म्हणाली, नुसतं सांगितलं. "मी तेव्हा गेले म्हणून नातवाचं तोंड पाहिलं. ते पोर चार दिवसच जगलं. मला रिकामी म्हणा नाही तर काही म्हणा, माझ्या मांडीवर होतं ते चार दिवस. जा, बाल्बिना."

हे बाळाचं बाल्बिनाला माहीत नव्हतं. ब्रॉक्टनमधलं घर न घर माहीत असलेल्या बाईला एवढं माहीत नव्हतं. ती काहीतरी बोलायला गेली, पण इवेत तोवर उतरायला लागली होती.

मला वाटतं, त्या क्षणी ती जायला तयार झाली असणार. पण सकाळी उठून तिने खोलीत बघितलं, तर भिंतीला लागून ती सगळी गाठोडी, वर टोयाची तूर. आणि तिच्या डोक्यात आलं ते हे, की झुल्मिरा आजारी आहे. आजाऱ्याच्या घरी रिकाम्या हाताने कोण जातं? परक्याच्या घरी जात नाही आपण, ही तर बहीण, आपल्या हातची वाढलेली. तिला कुस्कुसचं मक्याचं पीठ नको? चीज नको? चार घास इकडचे पोटात गेले तर अंगात जीव येईल. आपण काय, नुसतं तोंड घेऊन जायचं?

ती आर्लिंदोकडे गेली. "बॅगा असलेलं स्वस्त कधी मिळेल?"

"ऑक्टोबरात. गर्दी ओसरली की सरळ विमानालाच दोन बॅगा देतात, आणि भावही हाच. पण न्या बाल्बिना, हे सोडू नका. बहीण आजारी आहे ना?"

"आजारी आहे म्हणूनच," ती म्हणाली. "ऑक्टोबरचं काढ."

आर्लिंदो दोनदा विचारून मग बटण दाबणारा माणूस. त्या दिवशी त्याने तीनदा विचारलं.

रविवारी तिने फोनवर सांगितलं. येत्या गुरुवारी पोचणारं लिस्बनवरचं तिकीट मिळत होतं, पण त्यात बॅग नव्हती म्हणून सोडलं, आता ऑक्टोबरात येते, दोन बॅगा भरून येते, तुझ्यासाठी चीज वेगळं मुरवायला ठेवलंय.

"काही नको म्हटलं होतं ना गं, माना."

"तू म्हणशीलच. मी ऐकणार होय?"

"नाही," झुल्मिरा म्हणाली. "तू कुठली ऐकतेस. बरं. जसं जमेल तसं ये."

पुढचे आठवडे बाल्बिनाच्या आयुष्यातले सगळ्यात गडबडीचे आणि, खोटं कशाला सांगू, सगळ्यात आनंदाचे गेले. चीज करावं तर तिनेच. रोज पालटायची, मिठाच्या पाण्याने पुसायची. मका निवडून, कांडून, वाळवून ठेवला. मुरंबा दोनदा केला, कारण पहिला पातळ झाला. रविवारचे फोन आखूड होत गेले. घसा बरा नाही म्हणून झुल्मिरा नुसतं ऐकायची, आणि बाल्बिना बॅगेत काय काय बसवलं ते सांगत राहायची. एका रविवारी निल्डानेच सांगितलं, आई झोपली आहे. बाल्बिना म्हणाली, "झोपू दे, उठवू नकोस, बहीण कुठे पळून चालली आहे?"

सप्टेंबरात झुल्मिरा गेली.

निल्डाने फोन आधी पाद्रींना केला. आमच्याकडे अशी बातमी फोनवर सांगत नाहीत, माणसाने येऊन सांगायची असते. पाद्री आणि टोया डोंगर चढून आले तेव्हा बाल्बिना शेळ्या बांधत होती. दोघांना बरोबर बघून तिने दावं सोडून दिलं.

देह तिकडे होता तरी घंटा इकडे वाजली. जमिनीवर चटया पसरल्या, आणि बाल्बिना त्या चटईवर भिंतीला टेकून बसली. सात दिवस गाव तिच्या घरात होतं. बायका यायच्या, मोठ्याने रडायच्या, कॉफी प्यायच्या, तिच्या पाठीवर हात ठेवून जायच्या. तीही सगळ्यांबरोबर रडली, पण तिच्या रडण्यात शब्द नव्हते. आमच्याकडे बाया गेलेल्याशी बोलत रडतात, हिने एक शब्दही काढला नाही. आणि त्याच खोलीत भिंतीला लागून गाठोडी. लोकांनी तिकडे बघायचं टाळलं. न्यो गुस्तिन्यो एकदा पाहून उठला आणि आपली बाटली घेऊन जायला लागला, तेव्हा बाल्बिना बसल्या जागेवरून म्हणाली, "ठेव ती. मी जाणार आहे."

"आता कशाला, न्या बाल्बिना?"

"तिकीट परत होत नाही," ती म्हणाली. पण खरं कारण ते नव्हतं, हे तिथल्या सगळ्यांना कळलं.

ती ऑक्टोबरात गेली. बोटीने फुर्नाहून प्रायाला, प्रायाहून विमानाने बॉस्टनला. खिडकीची जागा होती, पण तिने बाहेर पाहिलं नाही. उतरल्यावर तिथल्या माणसांनी बॅगा उघडल्या, लिंग्विसा, म्हणजे डुकराच्या मांसाची सॉसेजं, काढून टाकली आणि बाकीचं जाऊ दिलं. बाहेर निल्डा उभी होती. झुल्मिराच्या चेहऱ्याची, पण खूप दमलेली. दोघी एकमेकींना धरून कितीतरी वेळ उभ्या राहिल्या. लोक त्यांना वळसा घालून जात होते.

आधी तिने पुड्या पोचवल्या. निल्डा गाडी चालवायची आणि बाल्बिना रस्ते न ओळखताही घरं सांगायची. टोयाच्या मुलाच्या हातात तिने स्वतः तूर दिली. तो डोक्यावरचे केस गेलेला, पोट सुटलेला माणूस, गाठोडं नाकाशी धरून पोरासारखा रडला. प्रत्येक घरात तिला बसवलं, जेवायला घातलं, आणि प्रत्येक घराने सांगितलं की झुल्मिरा किती चांगली होती. ती ऐकत राहिली. हे काम संपेपर्यंत तिला दुसरा विचार करायचा नव्हता.

मग काम संपलं. झुल्मिराच्या स्वयंपाकघरात टेबलावर तिने दुसरी बॅग उघडली. त्यात फक्त झुल्मिरासाठी आणलेलं होतं. चीज चांगलं मुरलं होतं, कडेला पिवळं झालेलं. तिने सुरी घेतली आणि निल्डापुढे एक तुकडा ठेवला.

"खा. तुझ्या आईचं आहे."

निल्डाने तुकडा उचलला आणि पुन्हा ठेवला. "मावशी, तुला एक सांगायचंय. आईच्या घशात गाठ होती. जुलैपासून तिला काही गिळता येत नव्हतं. पाणीसुद्धा नळीने द्यायचो."

बाल्बिनाच्या हातात सुरी तशीच राहिली. "मला का नाही सांगितलंस?"

"ती सांगू देत नव्हती. म्हणायची, माना घाबरून येईल, मला ती घाबरलेली नको आहे. तिला नुसती येऊ दे. मी किती भांडले तिच्याशी. शेवटी वाटलं, ऑक्टोबर काही फार लांब नाही."

"ऑक्टोबर मी काढला," बाल्बिना म्हणाली. "आर्लिंदोने तीनदा विचारलं होतं मला." मग बराच वेळ ती चीजचे तुकडे करत राहिली, जसं कुणी खाणारं आहे. थांबली तेव्हा विचारलं, "बोलली का काही? माझ्याबद्दल?"

निल्डा खिडकीकडे बघत होती. "ऑगस्टमध्ये, तुझं ते पहिलं विमान ज्या दिवशी यायचं होतं ना, त्या दिवशी सकाळी उठून मला म्हणाली, मला आंघोळ घाल, केस विंचर. मी म्हटलं, अगं, मावशीने तिकीट बदललं, तिनेच सांगितलं ना तुला? तर म्हणाली, ती आधी नाहीच म्हणते. मग करते. मला सगळं आयुष्य तिने असंच वाढवलंय." निल्डाने पुढ्यातला तुकडा बाजूला सारला. "मी काय करणार? चांगला झगा घातला, खुर्चीवर बसवलं दाराकडे तोंड करून. दिवसभर बसली. अंधार पडल्यावर म्हणाली, विमान चुकलं असेल तिचं, लिस्बनमध्ये फार मोठा विमानतळ आहे, गोंधळली असेल. निजायला नेली तर झगा काढू देईना."

"का?"

"म्हणाली, पहाटे आली तर?"